बंगल्यातले साडेचार महिने : ‘बेल कँटो’वरून पडलेले वाचकांचे तट

अॅन पॅचेट या अमेरिकन लेखिकेची ‘बेल कँटो’ ही कादंबरी २००१ साली आली. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतला पेन/फॉकनर आणि ब्रिटनमधला ऑरेंज असे दोन मोठे पुरस्कार मिळाले. २०१५ मध्ये शिकागोच्या लिरिक ऑपेरानं तिच्यावर ऑपेरा रंगमंचावर आणला, २०१८ मध्ये चित्रपट निघाला. एवढा मान मिळालेल्या पुस्तकाबद्दल वाचकांचं थोडंफार तरी एकमत असावं, पण तसं काही नाही. तिच्यावर जीव टाकणारे वाचक आहेत, पन्नास पानांत ती मिटून ठेवणारे आहेत, आणि सगळी कादंबरी आवडूनही शेवटची काही पानं नसती तर बरं झालं असतं असं म्हणणाऱ्यांचा तिसरा गटही चांगला मोठा आहे.

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा इथल्या आम्हा काही वाचणाऱ्यांत या कादंबरीवरून गेले काही महिने वाद चालला आहे. काहींनी ती इंग्रजीतून वाचली, काहींनी आधी चित्रपट पाहिला आणि मग पुस्तक हाती घेतलं. दोघा-तिघांना रोह्याच्या एका निवृत्त शिक्षिकेनं ती प्रकरणागणिक मराठीत सांगितली. कधी वाचनालयात, कधी कुणाच्या ओटीवर, कधी दिवा-रोहा गाडीत पेण ते नागोठणं या टप्प्यात असं हे बोलणं झालं. ओलीसनाट्यावरच्या साहित्यिक कादंबरीकडून वाचकाला नेमकं काय हवं असतं, हा सगळा प्रश्नच त्यातून उलगडत गेला. म्हणून हा आढावा.

आधी गोष्ट. दक्षिण अमेरिकेतला एक गरीब देश, ज्याचं नाव लेखिका देत नाही. उपराष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात कात्सुमी होसोकावा या जपानी उद्योगपतीचा वाढदिवस साजरा होतो आहे. त्यानं आपल्या देशात कारखाना काढावा अशी यजमानांची आशा आहे. होसोकावा आला आहे तो मात्र रोक्सॅन कॉस या ऑपेरा गायिकेचं गाणं समोर बसून ऐकायला मिळणार एवढ्यासाठी. तिचं शेवटचं गाणं संपतं, दिवे जातात, आणि हवा खेळती ठेवणाऱ्या झरोक्यांतून सशस्त्र बंडखोर आत उतरतात. त्यांना हवा असतो राष्ट्राध्यक्ष. तो आलेलाच नसतो, कारण घरी त्याची टीव्ही मालिका चुकली असती. मग जे हाती लागले तेच ओलीस. बायका, मुलं, आजारी माणसं सोडली जातात. उरतात ३९ पुरुष आणि एक बाई, ती गायिका. साडेचार महिने जातात. माणसं एकमेकांत गुंततात. बंडखोरांतली बरीचशी जंगलातून आलेली पोरं आहेत, त्यांतल्या दोन मुली. शेवटी सरकारी फौज आत घुसते आणि बंडखोरांतलं कुणीही वाचत नाही.

हे लेखिकेनं हवेतून आणलेलं नाही. १७ डिसेंबर १९९६ रोजी पेरूची राजधानी लिमा इथे जपानी राजदूतांच्या निवासस्थानी सम्राटांच्या वाढदिवसाची मेजवानी चालू असताना तुपाक अमारू चळवळीच्या १४ बंडखोरांनी शेकडो पाहुण्यांना ओलीस धरलं. तुरुंगातले आपले साथीदार सोडावेत ही त्यांची मुख्य मागणी होती. टप्प्याटप्प्यानं बहुतेकांना सोडून दिल्यावर ७२ जण आत उरले. १२६ दिवसांनी, २२ एप्रिल १९९७ ला, बंडखोर आत फुटबॉल खेळत असताना जमिनीखालून खणलेल्या भुयारांतून कमांडो वर आले. एक ओलीस, दोन कमांडो आणि सगळे १४ बंडखोर मेले. काही बंडखोर जिवंत हाती लागले होते आणि नंतर मारले गेले, असा आरोप पुढे झाला. त्यांच्यापैकी एकाची अशी हत्या झाल्याचा निकाल आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं २०१५ मध्ये दिला. ही बाब लक्षात ठेवायला हवी, कारण वाचकांच्या भांडणाचं मूळ तिच्यापाशीच आहे.

पहिला आणि सगळ्यांत जोरात येणारा आक्षेप म्हणजे ‘हे पटत नाही.’ धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा एक तरुण वाचक म्हणाला, “चाळीस माणसं आहेत. पहारेकरी पोरसवदा, त्यांतले निम्मे टीव्हीपुढे बसलेले. आणि एकालाही पळून जावंसं वाटत नाही?” त्याचं वाचन बारीक आहे. कादंबरीत एका टप्प्यानंतर दारं जवळजवळ उघडीच असतात. माणसं बागेत जातात, धावतात, फुटबॉल खेळतात. भिंतीपलीकडे सरकारी फौज आहे. तरी कुणी भिंत ओलांडत नाही.

मला वाटतं, या आक्षेपामागे आपलं मराठी वाचकाचं एक खास वळण आहे. आपल्याकडे कैद म्हटली की शिवाजी महाराजांचं आग्रा. १६६६ च्या मे महिन्यात भर दरबारात झालेला अपमान, मग फुलादखानाचा पहारा, आजारपणाचं निमित्त, मिठाईचे पेटारे आणि ऑगस्टमधली सुटका. शाळेच्या पुस्तकापासून नाटक-सिनेमापर्यंत ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की, कैदेची कुठलीही कथा हाती घेताना मराठी वाचक पेटाऱ्यांची वाट पाहतच बसतो. कैदी म्हणजे युक्ती शोधणारा माणूस. तो युक्ती शोधत नसेल तर लेखकाचं चुकलं किंवा कैद्याचं.

पण याच रायगड जिल्ह्यात दुसरीही एक कैद सुरू झाली होती, आणि ती आपण फारशी सांगत नाही. संभाजी महाराजांना मार्च १६८९ मध्ये मारल्यावर मोगलांनी रायगडाला वेढा घातला. राजाराम महाराज निसटले. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई मागे राहिल्या, गड लढवला, आणि नोव्हेंबर १६८९ मध्ये झुल्फिकारखानाच्या हाती गड गेला तेव्हा आपल्या मुलासह कैद झाल्या. मुलगा शाहू सात वर्षांचा. त्याचा जन्मही इथलाच, माणगावजवळच्या गांगवलीचा. रोह्याहून पुढे कोलाड-इंदापूर गेलं की आपण त्याच मुलखात असतो. हा मुलगा अठरा वर्षं औरंगजेबाच्या छावणीत वाढला. बादशहाची मुलगी झीनतउन्निसा हिनं त्याच्यावर माया केली, असं इतिहासकार सांगतात. त्याला मनसब मिळाली, त्याचं लग्न छावणीतच झालं. १७०७ मध्ये बादशहा वारल्यावर बादशहाचा मुलगा आझमशहा यानं त्याला सोडलं, तेही ताराबाईंच्या पक्षात आणि त्याच्या पक्षात फूट पडावी या हिशेबानं. त्यानं बोलल्याप्रमाणे वागावं याची हमी म्हणून येसूबाई आणि इतर कुटुंबीयांना मोगलांनी ठेवून घेतलं. शब्दशः ओलीस. येसूबाई स्वराज्यात परतल्या त्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून आले तेव्हा. तीस वर्षं झाली होती.

आणि सुटून आलेले शाहू महाराज? वडिलांना हालहाल करून मारणाऱ्या बादशहाच्या खुलताबादच्या कबरीला त्यांनी भेट दिली, अशी नोंद इतिहासलेखनात वारंवार येते. त्यांच्या मऊ, सामोपचाराच्या स्वभावाचा दोष पुढच्या काही लेखकांनी त्या छावणीतल्या वाढीलाच दिला. ज्या माणसांनी बापाला मारलं त्यांच्यातच एका बाईनं आईच्या बरोबरीनं माया द्यावी, आणि मुलानं ती घ्यावी, हे आपल्या इतिहासात घडून गेलेलं आहे. त्याचं आपल्याला काय करायचं ते कळत नाही, म्हणून आपण ते बाजूला ठेवतो आणि आग्र्याकडे वळतो.

‘बेल कँटो’ ही या दुसऱ्या कैदेची गोष्ट आहे. ‘पटत नाही’ या आक्षेपाचं उत्तर मला तिथे मिळतं. दिवस लांबले की कैदेतही घर मांडलं जातं. पॅचेटनं ते कसं मांडलं आहे त्यासाठी एकच प्रसंग सांगतो. सुरुवातीला बाहेरून शिजवलेलं जेवण येत असतं. मग एके दिवशी कच्चा माल येऊन पडतो, भाज्या आणि कोंबड्या. आता रांधणार कोण? तिबो नावाचा फ्रेंच राजदूत पुढे होतो. त्याला सुऱ्या हव्यात, आणि ओलिसाच्या हाती सुरी द्यायची नाही असा नियम. तेव्हा बंदुका घेतलेली पोरंच ओट्यापाशी बसून भाज्या सोलतात, चिरतात, आणि राजदूत त्यांना कसं करायचं ते सांगत राहतो. इश्माएल हा त्यांतला सगळ्यांत लहानखुरा पोरगा वांगं सोलतो, बारकाईनं, मन लावून. कुणी कुणाला माफ केलेलं नाही, कुणी बाजू बदललेली नाही. फक्त जेवण करायचं आहे आणि सुऱ्या एकाच पक्षाकडे आहेत. ज्याचा बंगला आहे तो उपराष्ट्राध्यक्ष रुबेन इग्लेसियास पहिल्याच रात्री बंदुकीचा दस्ता तोंडावर खाऊन बसलेला असतो. मुलांना सांभाळणाऱ्या बाईनं साध्या सुईदोऱ्यानं त्याचा गाल शिवलेला असतो. हाच माणूस पुढे घर झाडतो, कपडे धुतो, इस्त्री करतो, आणि इश्माएलला दत्तक घेण्याची स्वप्नं पाहतो.

या सगळ्याला काही वाचक ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून मोकळे होतात. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत सहा दिवस अडकवलेले चार कर्मचारी नंतर दरोडेखोरांच्या बाजूनं बोलले, त्यावरून हे नाव पडलं. पेणच्या एक परिचारिका आमच्यात आहेत. त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. त्या म्हणाल्या, “रोगाचं नाव ठेवलं की माणसाचं ऐकणं बंद होतं. वॉर्डात रोज बघते मी.” कादंबरी त्या नावापर्यंत न थांबता पुढे जाते, असं त्यांचं मत. माझंही.

संगीताबद्दल फार थांबायला नको. ऑपेरा कळत नाही म्हणून पुस्तक हातातून सुटलं असं सांगणारे वाचक जगभर आहेत. आमच्यात मात्र तसं कुणी निघालं नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, ते आजही ज्या भाषेत सांगितलं जातं, तिच्या वाचकाला गळ्याची सत्ता समजावून द्यावी लागत नाही. रोक्सॅन सकाळी गायला लागली की बंदूकवाले गप्प होतात, हे आमच्या ज्येष्ठांना सगळ्यांत आधी पटलं. एक दिवस ती खाली यायला उशीर करते आणि सेझार नावाचा बंडखोर पोरगा तिची गाणी तिच्याच थाटात गाऊन दाखवतो. शब्द त्याला कळत नाहीत, पण सूर पक्का. मग लाजून तो बागेतल्या झाडावर जाऊन बसतो आणि ती त्याला शोधत झाडाखाली येते. पुढे ती त्याला शिकवू लागते. ही पानं वाचून रडू आलं नाही असं आमच्यात कुणी म्हणालं नाही, अगदी कादंबरी न आवडलेल्यांतही.

खरा वाद पेटला तो राजकारणावर.

रोह्याचे एक वकील सुरुवातीपासून ठाम होते. “ज्यांच्या हातात बंदूक आहे त्यांच्यावर माया करायला मला शिकवू नका,” असं ते म्हणाले. त्यांचं हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, आणि या जिल्ह्यात तर नाहीच. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर शस्त्रं आणि स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. ज्या वाटेनं आपण दर उन्हाळ्यात श्रीवर्धनला जातो, तिथून ते सामान गेलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरचे तीन दिवस पेण-रोह्याच्या ज्या घरांतली माणसं मुंबईत नोकरीला होती, त्या घरांतला फोन कुणी खाली ठेवला नाही. ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस इथे अडकलेल्यांचं काय झालं ते या वाचकांनी पाहिलेलं आहे. त्यांनी ‘बेल कँटो’तल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या बंडखोर जनरलकडे संशयानं पाहिलं तर त्यांना वाचन कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

तरी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. कादंबरी मे २००१ मध्ये आली, न्यूयॉर्कच्या हल्ल्याच्या काही महिने आधी. ती ज्या घटनेवर उभी आहे तिथले बंडखोर वाटाघाटीसाठी आले होते, मारण्यासाठी नव्हे. लिमात फौज आत घुसेपर्यंत त्यांनी एकाही ओलिसाला ठार केलं नाही. मुंबईत आलेल्यांना वाटाघाट नको होती, माणसं मारायची होती. दोन्हींना एकाच मापानं मोजलं तर दोन्ही कळत नाहीत. वकिलांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माप वेगळं असेल. पण वाचताना हात थरथरतो तो माझाच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

हा वाद पेण-रोह्यापुरता नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान कंदाहारला नेलं गेलं. एका प्रवाशाचा खून झाला, आणि बाकीच्यांना सोडवण्यासाठी ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांची सुटका करावी लागली. अपहरणकर्त्यांपैकी एकानं विमानात अंताक्षरी खेळवली, असं सुटून आलेल्या प्रवाशांनी सांगितलं होतं. २०२४ मध्ये त्यावर नेटफ्लिक्सची मालिका आली तेव्हा देशभर गदारोळ झाला. अपहरणकर्त्यांची टोपणनावं दाखवली, खरी नावं झाकली, ते फार माणसासारखे दिसतात, अशा तक्रारी झाल्या. अंताक्षरी खेळवणारा आणि गळा चिरणारे एकाच विमानात होते, हे वास्तव आहे. ते कुठल्या क्रमानं आणि किती सांगायचं, यावर वाचक-प्रेक्षक भांडतात, आणि ते भांडण रास्त आहे.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप पेणमधून आला, आणि मला तो अधिक खोल वाटला. आमच्यातले एक मूर्तिकार आहेत. अनंत चतुर्दशी झाली की कारखान्यात जरा उसंत मिळते, तेव्हा ते पुस्तकं वाचतात, हळूहळू, परत मागे जाऊन. ते म्हणाले, “पोरांचे रंग सुंदर लावलेत बाईंनी. आखणी केली नाही.” पेणच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रेखण्याला आखणी म्हणतात. सगळ्यांत हुशार हाताला ते काम दिलं जातं, कारण तोवर मूर्ती कुठेच पाहत नसते. त्यांचा मुद्दा असा, की कार्मेन, सेझार, इश्माएल, बेआत्रिस ही पोरं गोड आहेत, शिकायला आसुसलेली आहेत, त्यांना दूरदर्शन संच पाहून आश्चर्य वाटतं. पण ती जंगलातून इथवर का आली? त्यांच्या गावात काय झालं होतं? कुणी जमीन घेतली, कुणाला उचलून नेलं? त्यांच्या संघटनेला पत्रकं वाटताना मारल्या गेलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाचं नाव आहे, एवढं लेखिका सांगते आणि पुढे जाते. देशाला नाव नाही, त्यामुळे अन्यायालाही पत्ता नाही.

मला हा या कादंबरीवरचा सगळ्यांत बळकट आक्षेप वाटतो. वकिलांना वाटतं बंडखोरांना फार माया दिली. मूर्तिकारांना वाटतं त्यांना माया दिली पण कारण दिलं नाही. दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं वरवर दिसतं. खरं तर एकाच उणिवेवर दोघांचं बोट आहे. बंडखोरांचा राग जर खरा, ठोस आणि कडवट दिसला असता, तर वकिलांना त्यांच्याशी भांडता आलं असतं आणि मूर्तिकारांना त्यांना ओळखता आलं असतं. राग काढून घेतल्यामुळे ती पोरं दोघांच्याही हाती लागत नाहीत. ज्यांना ही बाजू हवी त्यांनी ग्रॅहम ग्रीनची १९७३ ची ‘द ऑनररी कॉन्सुल’ वाचावी. तिथे अपहरणकर्ते चुकीचाच माणूस उचलतात, पण त्यांच्यातला धर्मगुरुपद सोडलेला माणूस आपण हे का करतो आहोत याच्याशी शेवटच्या क्षणापर्यंत झगडतो, आणि पॅराग्वेची हुकूमशाही प्रत्येक पानामागे उभी असते. गार्सिया मार्केसनं १९९६ मध्ये कोलंबियातल्या पत्रकारांच्या अपहरणांवर लिहिलं ते तर कादंबरी नव्हे, वृत्तांत होता. नावं, तारखा, भाव ठरवणारी माणसं, सगळं जागच्या जागी. पॅचेटनं जाणूनबुजून दुसरी वाट घेतली. वाट घेण्याचा हक्क तिचा. त्या वाटेची किंमत काय पडली ते सांगण्याचा हक्क वाचकाचा.

कादंबरी संथ आहे ही तक्रार खरी आहे, पण किरकोळ. महिनोन्महिने काहीच घडत नाही हेच तर कैदेचं स्वरूप. ज्यांना थरार हवा आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही, एवढं सांगून पुढे जावं. शिवाय पहिल्याच प्रकरणात लेखिका सांगून टाकते की शेवटी मरणार आहेत ते बंडखोर. ‘पुढे काय होईल’ ही ओढ ती आपल्या हातानं कापते. तरीही शेवट आला की धक्का बसतोच. शेवट माहीत असूनही वाचक मधल्या दोनशे पानांत तो विसरतो, ही या लेखिकेची फार मोठी करामत आहे.

आता शेवटचं प्रकरण. इथे सर्वाधिक वाचक दुखावतात. हल्ल्यात कार्मेनला वाचवायला होसोकावा तिच्या पुढे येतो आणि दोघंही एकाच गोळीनं मरतात. दुभाषा गेन वातानाबे कार्मेनच्या प्रेमात होता. रात्री भांडीकुंडी ठेवायच्या कोठीत बसून तो तिला लिहायला-वाचायला शिकवत असे. रोक्सॅन होसोकावाच्या प्रेमात होती. आणि शेवटच्या काही पानांत, काही काळानं, इटलीतल्या लुक्का या गावी गेन आणि रोक्सॅन यांचं लग्न होतं. लग्नाला कोण? तिबो आणि त्याची बायको.

आमच्या बैठकीतल्या बहुतेकांना हे लग्न खटकलं. “कार्मेनची चिता विझली नाही तोच?” असं एका काकूंनी विचारलं. धाटावच्या तरुणानं त्याला तडजोड म्हटलं, वाचकाला घरी जाताना हाती दिलेला गोड घास. ज्यांना शेवट आवडला त्यांची संख्या कमी, पण त्यांत आमच्या निवृत्त शिक्षिका होत्या, आणि त्यांनी आणलेलं उदाहरण घरचं होतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ ची. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हेर्टा, आणि चक्रधर. थोड्या दिवसांचा सहवास, अनेक भाषांची माणसं, पुढे मरण आहे हे सगळ्यांना ठाऊक. चक्रधर मुंबईला उतरतो. हेर्टा पुढे जाते आणि समुद्रात जीव देते. शिक्षिकेनं विचारलं, “चक्रधर त्यानंतर कुणाशी बोलू शकला असेल हेर्टाबद्दल? कुणाला खरं वाटलं असतं?” गेन आणि रोक्सॅन यांचं लग्न म्हणजे नवं प्रेम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना मेलेली माणसं ठाऊक आहेत असे दोघेच उरलेत. सेझार कसा गात होता, कार्मेन कशी अक्षरं गिरवत होती, हे जगात दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. बाहेरच्या जगासाठी ती पोरं म्हणजे मारलेले दहशतवादी. त्यांचा शोक करायला जागा एकच, ती एकमेकांपाशी.

मी या बाजूचा आहे, पण अर्ध्याच मनानं. हे लग्न मनाला पटतं. ते ज्या घाईनं लिहिलं आहे ते पटत नाही. साडेचार महिन्यांच्या कैदेला तीनशे पानं आणि त्यानंतरच्या सगळ्या आयुष्याला मोजकी पानं, हा हिशेब तोकडा पडतो. लिमाच्या बाबतीत खरा प्रश्न सुटकेनंतर सुरू झाला: कुणाला जिवंत पकडलं होतं, कुणी पाहिलं, कोण साक्ष देईल. सुटलेल्या ओलिसांतल्या एका जपानी अधिकाऱ्यानं पाहिलेलं सांगितलं म्हणून तो प्रश्न दबला नाही. कादंबरीतले सुटलेले लोक काय सांगतात, कुणाला सांगतात, हे आपल्याला हवं होतं. शेवटच्या पानांवर वाचक रागावतात ते माझ्या मते लग्नावर रागावतच नाहीत. मेलेल्यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही, याचा तो राग आहे.

तर माझा कौल असा. ‘पटत नाही’ म्हणणाऱ्यांचा आक्षेप टिकत नाही. कैदेत माणसं अशीच जगतात, आणि आपल्या इतिहासात त्याचा पुरावा आहे. देशाला नाव नाही आणि बंडखोरांना कारण नाही, हा आक्षेप टिकतो आणि कादंबरीचा दर्जा एक पायरी खाली आणतो. शेवट वाईट नाही, अपुरा आहे. आणि हे सगळं धरूनही, बंदुकीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका ओट्यापाशी बसवून दाखवणारं याच्या तोडीचं पुस्तक मी फार वाचलेलं नाही.

पेण-रोह्याच्या वाचनालयांना एक विनंती आहे. ही कादंबरी मागवा, तिच्या शेजारी ‘रणांगण’ ठेवा, आणि दोन्ही वाचलेल्यांना एका संध्याकाळी बोलवा. आणि या जिल्ह्यात लिहिणारे जे आहेत त्यांना सांगणं एवढंच, की रायगडावरून खाली उतरवलेल्या त्या आईची तीस वर्षं आणि त्या सात वर्षांच्या मुलाची अठरा वर्षं आग्र्याच्या तोलाची आहेत. ती छावणीच्या आतून, झीनतउन्निसेसकट लिहा.